चार बोटांचं अंतर

अवसरी बुद्रुकमध्ये कुणालाही ‘सरळ उभे राहा’ असं म्हणून पाहा. माणूस साठीचा असो नाहीतर सत्तरीचा, त्याच्या टाचा खाडकन जुळतात, छाती पुढे येते, पोट आत जातं आणि मुठी मांडीला चिकटतात. शाळेतला कवायतीचा गुरुजी प्रत्येकाच्या अंगात कायमचा मुक्कामाला राहिलेला असतो. बरं, ‘सैल उभे राहा’ म्हणावं, तर तीच माणसं पाय फाकवून हात पाठीमागे बांधतात, म्हणजे विश्राम. सावधान आणि विश्राम यांच्या मधे माणसाला उभं राहता येतं, हे या गावाला कुणी शिकवलंच नव्हतं. भिमाजीनं जन्मात कुणाचा मनापासून दुस्वास केला असेल, तर तो या कवायतीच्या गुरुजीचा.

भिमाजी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. साल दोन हजार दोन. पुण्यात सव्वीस वर्षं नोकरी करून तो गावी परतला होता आणि सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात शाळेच्या पटांगणातल्या लिंबाखाली माणसांना ताई ची हा संथ चिनी व्यायाम फुकट शिकवत होता. शाळा भरायच्या आत पटांगण मोकळं करायचं, या बोलीवर जागा मिळाली होती. नाव ऐकल्यावर गावानं जो विनोद करायचा तो केला, महिनाभर केला, आणि कंटाळल्यावर त्या प्रकाराला ‘भिमाजीची सावकाशी’ असं नाव ठेवलं. येणारी सात-आठ माणसं म्हणजे गुडघे गेलेली, कंबर धरलेली, मंचरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून बदलून शेवटी ‘जरा व्यायाम करा’ म्हणून वाटेला लावलेली.

खरं तर आधी त्याच्या मनात बौद्धवस्तीतलं समाजमंदिर होतं. छप्पर होतं, फरशी होती, त्याच्या घरापासून चार पावलांवर. पण भिमाजी या गावात जन्मला होता. ओढा ओलांडून वस्तीत यायला कुणी नाही म्हटलं नसतं, फक्त निम्म्या लोकांचे गुडघे नेमके त्या दिवशी जास्त दुखले असते. म्हणून पटांगण.

ताई ची त्याला शिकवली ती पुण्याच्या कॅम्पातल्या डॉक्टर लियांगनी. हे दातांचे डॉक्टर. आजा चीनमधून आलेला, नातू कॅम्पातच वाढलेला, त्यामुळे बोलणं कॅम्पातलं हिंदी आणि राग आला की मराठी. भिमाजी बाहत्तर साली त्यांच्या दवाखान्यात लागला. हत्यारं उकळणं, कवळ्यांसाठी प्लास्टरचे साचे ओतणं, पेशंटला चूळ भरायला पाणी देणं, ही त्याची कामं. आठवडाभर तो दवाखान्याच्या मागच्या खोलीत झोपायचा आणि शनिवारच्या एसटीनं गावी यायचा. पहाटे मागच्या अंगणात डॉक्टर एकटेच हळूहळू हात फिरवत असत. पाण्यात चालल्यासारखं काहीतरी. चार वर्षं भिमाजीनं ते खिडकीतून पाहिलं. एक दिवस डॉक्टर म्हणाले, ‘देखता क्या है? आ जा.’

पहिले तीन महिने नुसतं उभं राहायचं. काही बोलणं नाही. भिमाजीला वाटलं, डॉक्टर आपली थट्टा करतात. मग एका सकाळी डॉक्टर मागे आले आणि त्यांनी त्याच्या कमरेवर, मणक्याच्या अगदी खालच्या टोकाला, तळहात ठेवला. दाबला नाही, ढकलला नाही. नुसता ठेवला आणि थांबले. त्या हाताला वजन होतं, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवलेल्या हाताला असतं तेवढंच. पाचव्या-सहाव्या श्वासाला भिमाजीची कंबर आपोआप खाली उतरली, गुडघे मोकळे झाले, आणि सगळा भार टाचांतून जमिनीत गेला. एवढीच ती दुरुस्ती. नंतर मानेमागे दोन बोटं, तशीच. डॉक्टरांची शिकवण्याची सगळी विद्या म्हणजे हा हात.

भिमाजी त्या सकाळी आत जाऊन साच्यांच्या कपाटापाशी उभा राहिला आणि रडला. आणि रडलो म्हणून स्वतःवर चिडला. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्याच्या पाठीवर घरच्यांखेरीज कुणाचा हात असा स्वस्थ पडला नव्हता.

कारण डॉक्टरांच्या आधी त्याच्या अंगाला एक मास्तर होऊन गेला होता, त्याचा बाप सावळेराम. गावातून जाताना बाप सांगायचा, अंग चोरून चाल, हात आवर. पोराचं कोपर कुणाच्या ओट्याकडे जरा गेलं, कुणाच्या खांद्याला लागेलसं वाटलं, की बाप टपली मारून ते आत घ्यायचा. बाप दुष्ट नव्हता. त्याला पोराला मार खाताना पाहायचं नव्हतं. मग छप्पन साल आलं, त्याच्या पुढल्या वर्षी वस्तीनं दीक्षा घेतली, आणि त्याच बापानं सांगितलं, ‘आता ताठ चालायचं. कुनाच्या बापाला भ्यायचं न्हाई.’ भिमाजी तेव्हा तेरा वर्षांचा. मनानं दीक्षा एका दिवसात घेतली. अंगाला मात्र कुणी कळवलंच नाही.

पुढे डॉक्टरांनी उलटा धडा दिला. ‘अब मेरी कमर पे हाथ रख, समझ कैसा होता है.’ भिमाजीनं हात पुढे केला आणि तो अधांतरीच राहिला. डॉक्टर वाट पाहत उभे. थोड्या वेळानं मान न वळवता म्हणाले, ‘रख ना. हवा में इस्त्री कर रहा है क्या?’ तीन आठवडे हवेतच इस्त्री चालली. मग एकदाचा हात टेकला, आणि नंतर वीस-बावीस वर्षं दोघं एकमेकांच्या कमरा दुरुस्त करत राहिले. अठ्ठ्याण्णव साली डॉक्टर मुलाकडे कॅनडाला गेले, दवाखाना बंद झाला. निघताना त्यांनी सांगितलं, ‘किसी को सिखा. पर मुँह से मत सिखा.’

सांगणं सोपं. तोंडानं शिकवू नको म्हणे. अवसरीत येऊन दाखवायचं होतं.

दुसऱ्या वर्षी बायका यायला लागल्या आणि भिमाजीची पंचाईत झाली. बाईच्या कमरेला हात लावला असता तर ताई ची राहिली असती बाजूला, पंचायत बसली असती. म्हणून त्यानं बायकोला, जानकाबाईला, उभं केलं. तिला ताई चीतलं ओ की ठो येत नव्हतं. तो लांबून सांगायचा, ‘हात ठेव. दाबू नको. थांब.’ ती ठेवायची. पंधरा दिवसांत सांगायची गरज उरली नाही. कुणाची कंबर कुठे अडलीय, हे तिला हातानंच कळायला लागलं. पाटलांच्या मळ्यातली सखूबाई तर येताच हाक मारायची, ‘जानके, ये गं इकडं. तुझा हात पडल्याबिगर माझं कंबरडं खाली उतारत न्हाई.’ बावीस वर्षं पहाटे उठून शिकलेला भिमाजी बघत राहायचा आणि मनात म्हणायचा, हिला कुणी शिकवलं?

दोन हजार चारच्या संक्रांतीला गेणभाऊ आला.

गेणभाऊ पैलवान. वय सहासष्ट, कान मोडलेले, मान अजून बैलाच्या वशिंडासारखी. तरुणपणी ओतूरपासून मंचरपर्यंतच्या जत्रा त्यानं गाजवल्या होत्या. आता मात्र तो दोनदा पडला होता. एकदा कांद्याच्या वाफ्यात, एकदा स्वतःच्या उंबऱ्यावर. मंचरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तोल गेलाय, तिसऱ्यांदा पडलात तर खुब्याचं हाड जाईल. गेणभाऊचा थोरला भाऊ असाच खुबा मोडून आठ महिने खाटेवर होता आणि खाटेवरूनच गेला. त्यामुळे पैलवान घाबरला होता. आयुष्यभर लोकांना पाडलेला माणूस स्वतः पडायला भीत होता, आणि ते त्यानं मोकळेपणी सांगितलं.

‘भिमाजीराव, काय बी करा, पन मला उभा ठेवा.’

अंगाचा दोष भिमाजीनं पहिल्याच दिवशी ओळखला. आखाड्यात उभं राहून राहून गेणभाऊचं सगळं अंग पुढे कललेलं. नाक अंगठ्यांच्या पुढे, भार चवड्यांवर, टाचा नावाला. ज्वानीत समोर झोंबायला कुणीतरी असायचं. आता समोर कुणी नव्हतं, म्हणून तो जमिनीलाच जाऊन झोंबत होता. औषध एकच होतं, कमरेच्या खालच्या टोकाला तळहात. भिमाजी मागे गेला, हात पुढे केला. हात पोचायच्या आत गेणभाऊ पाऊलभर पुढे सरकला, ‘हां हां, कळलं, कळलं,’ म्हणाला आणि खाडकन सावधान झाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. हात निघाला की अंग सरकायचं. ‘कळलं, कळलं.’ कळलं होतं त्याचं कपाळ.

भिमाजीनं डॉक्टरांची आज्ञा मोडून तोंडानं शिकवून पाहिलं. माकडहाड खाली सोडा, म्हटलं, तर गेणभाऊ बैठकांना बसला. स्टुलावर टेकल्यासारखं करा, म्हटलं, तर मागे वळून स्टूल शोधू लागला. गवंड्याकडून ओळंबा आणून भिमाजीनं लिंबाच्या फांदीला टांगला आणि सांगितलं, डोकं या दोरीला लटकलंय असं समजा. गेणभाऊनं वर दोरीकडे पाहिलं आणि पडता पडता वाचला. पालथ्या घड्यावर पाणी. भिमाजी घरी यायचा तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडलेली असायची आणि तोंडात शिव्या असायच्या.

बरं, तक्रार करावी तर कशाची? गेणभाऊ त्याच्या घरी येऊन चहा प्यायचा, बशीत ओतून फुर्र करून प्यायचा. चौदा एप्रिलला मिरवणुकीत हार घेऊन पुढे. चारचौघांत ‘भिमाजीराव आमचे वस्ताद’ म्हणायचा. लाजाळू म्हणावं, तर आखाड्यात पाचपन्नास गड्यांनी मिठ्या मारलेलं, मांडीत मांडी घालून चोळामोळा केलेलं ते अंग. वस्तादाच्या थापा खाऊन पाठ निबर झालेली. त्या अंगाला भिमाजीचा एक तळहात तेवढा सोसत नव्हता. बोलून दाखवावं, तर गेणभाऊ म्हणाला असता, ‘छ्या, माझ्या मनात तसलं काय न्हाई,’ आणि ते खरंही असतं. मनात नव्हतंच. मनाशी भांडता येतं. पाठीशी कसं भांडणार?

ऑगस्टमध्ये गेणभाऊ चिखलात घसरला. कुंपणाच्या तारेला धरलं म्हणून वाचला, तळहाताला आठ टाके पडले. त्याची भीती वाढली. तो आता एक दिवसही चुकवेना आणि एक दिवसही सुधरेना.

आणि मग ऑक्टोबरात तो काठी घेऊन आला.

वेळूची काठी होती, तेल पाजून पाजून पिवळीधमक केलेली, टोकाला पितळी टोपी. सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी, मान देऊन त्यानं ती भिमाजीपुढे धरली.

‘भिमाजीराव, ही तुमाला. स्वतः केलीय. कुठं सारखं माघारी यायचं, वाकायचं. तुमाला बी तरास. लांबूनच काठीनं दाखवीत जा.’

सखूबाईनं तोंड फिरवून लिंबाकडे पाहिलं. जानकाबाई जिथे होती तिथेच थांबली. भिमाजीनं काठी घेतली. का घेतली, हे त्याला नंतर किती दिवस कळलं नाही. कुणी वरून काही दिलं की दोन्ही हात पुढे करायचे, हीदेखील जुनीच शिकवण. त्यानं काठीचं टोक गेणभाऊच्या कमरेला लावलं. आणि गेणभाऊ हलला नाही. जरासुद्धा सरकला नाही. काठीला तो खांबासारखा उभा राहिला.

दुरुस्ती अर्थातच झाली नाही. काठी थांबून वाट पाहू शकत नाही.

घरी आल्यावर भिमाजीनं ती काठी भिंतीवर आपटली. पितळी टोपी निघून मोरीत गेली. ‘गुरं हाकायची काठी दिली मला,’ तो म्हणाला. ‘वस्ताद म्हनायचं आन हातात काठी द्यायची. चहा पितो, हार घालतो, भाषान करतो. ताकाला जाऊन भांडं लपवतो निस्तं. उद्यापासून नगं यिऊ म्हनून सांगतो त्याला. पडंना का.’

जानकाबाई मेथी निवडत होती. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं.

‘येक सांगू? रागवायचं न्हाई.’

‘सांग.’

‘तो सरकतो, ते खरं हाय. पन त्याच्या आदी तुमचा हात थांबतो.’

भिमाजीनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

‘रोज बघते मी. तुमचा हात जातो, आन चार बोटं अलीकडं थांबतो. मंग तो सरकतो. त्याला सरकायला जागा तुमी ठेवता.’

‘तू त्याची बाजू घेतीस?’

‘बाजू कशाला घिऊ? काठी दिली, ते वंगाळच केलं त्यानं. मी तुमच्या हाताचं बोलते.’

यावर जे भांडण झालं ते सांगण्यासारखं नाही. भिमाजीनं तिच्या माहेरापर्यंत मजल नेली. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही, आणि तिनं केलेली मेथीची भाजी त्यानं न बोलता खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्याच्याच्यानं राहवेना. ‘सखूबाईला पयल्या दिवशी हात लावला, तवा तुला काय झालं व्हतं?’ त्यानं भिंतीकडे बघत विचारलं.

‘छातीत धडधडलं.’

‘मंग?’

‘मंग लावला.’

त्यानंतर भिमाजी स्वतःच्या हातावर पाळत ठेवू लागला. वस्तीतल्या धर्माजीच्या मागे गेला, हात सरळ जाऊन टेकला, काही विचार नाही. गेणभाऊच्या मागे गेला. हात निघाला, आणि थांबला. त्यानं मोजलं. चार बोटं. जानकीनं बरोब्बर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ठरवून गेला, आज थांबवायचा नाही. हात थांबलाच. वर खांदा आत आला होता, कोपर बरगडीला चिकटलं होतं. सावळेरामचा पोरगा कुणाच्या तरी ओट्यासमोरून चालला होता, अंग चोरून. साठ वर्षांचा हात, आणि अजून बापाच्या धाकात. बाप जाऊन तीस वर्षं झाली होती.

यापेक्षा गेणभाऊचा राग बरा होता. तो राग भिमाजीला उजळ माथ्यानं करता येत होता. हा नवा राग कुणावर काढायचा? बापावर काढावा तर बापानं मार वाचवला. स्वतःवर काढावा तर आपण काय गुन्हा केला? आणि जानकीवर तर काढून झाला होता. जेवताना तो एकदम म्हणायचा, ‘पन सरकतो तो, हे धर की.’ ती म्हणायची, ‘धरलं.’ मग तो जेवायचा. असे पंधरा-वीस दिवस गेले.

नोव्हेंबरच्या शेवटाला थंडी पडली. त्या दिवशी पटांगणात धुकं होतं, लोक कानाला गुंडाळून आले होते. गेणभाऊ नेहमीच्या जागी उभा राहिला, नाक अंगठ्यांच्या पुढे, भार चवड्यांवर. थंडीनं त्याचे पाय जरा लटपटत होते. भिमाजी मागे गेला. टोपी गेलेली ती काठी अजून रोज बरोबर असायची; ती त्यानं लिंबाला टेकवून ठेवली.

हात निघाला. चार बोटांवर आला. कुठूनतरी बाप म्हणालाच, हात आवर. भिमाजीनं ऐकलं. मग त्यानं कॅम्पातल्या अंगणातली ती कंटाळलेली पाठ आठवली, ‘रख ना,’ आणि हात ठेवला. ठेवला म्हणजे टेकवला नाही. ठेवला, वजन देऊन.

‘हां हां, कळ...’ म्हणत गेणभाऊ पुढे सरकला. हात त्याच्याबरोबर सरकला. गेणभाऊ थांबला. आता सरकायला जागा नव्हती.

स्वेटरखाली ती पाठ फळीसारखी कडक झाली होती. भिमाजीला ती ढकलावीशी वाटली. अकरा महिन्यांचा हिशोब एका धक्क्यात चुकता करावासा वाटला, खोटं कशाला सांगा. त्यानं ढकललं नाही. तो श्वास मोजत उभा राहिला. पाचवा गेला, सहावा गेला, काही नाही. सखूबाई हात फिरवायचे सोडून बघत होती. भिमाजीच्या खांद्याला रग लागली. नवव्या श्वासाला हाताखाली काहीतरी सुटलं. कंबर खाली आली, गुडघे मोकळे झाले, आणि गेणभाऊच्या टाचा जमिनीत बसल्या. पायांची लटपट थांबली.

गेणभाऊनं टाचा जमिनीवर दाबून पाहिल्या. मग हळूच, जणू मोठ्यानं बोललं तर ते निघून जाईल अशा बेतानं म्हणाला, ‘येवढंच व्हतं?’

‘येवढंच.’

‘मंग अकरा म्हयनं काय करीत व्हता तुमी?’

भिमाजीच्या तोंडावर वीस उत्तरं आली, आणि त्यातली एकोणीस बायकांसमोर देण्याजोगी नव्हती. विसावं त्यानं दिलं. ‘तुमी काय करीत व्हता?’

धुक्यात शाळेची इमारत दिसत नव्हती. गेणभाऊ तिकडेच बघत होता. त्यानं मान वळवली नाही. भिमाजीनंही त्याला आपलं तोंड बघायला लावलं नाही.

‘सवय,’ गेणभाऊ म्हणाला. ‘दुसरं काय.’

‘मला बी हाय.’

भिमाजीला वाटलं होतं, हे कधी झालं तर आपल्याला आनंद होईल, निदान हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही. त्याला संताप आला होता. तळहाताएवढी जागा, चार बोटांचं अंतर, आणि त्याला अकरा महिने. अकरा तरी कसले? साठ वर्षं. आणि उद्या हा माणूस गावभर सांगणार, भिमाजीरावांनी हात ठेवला आन मी उभा राह्यलो, जसं काही भिमाजीनंच एवढे दिवस हात खिशात ठेवला होता. त्यानं हात काढायला घेतला.

‘ऱ्हाऊ द्या जरा,’ गेणभाऊ म्हणाला. ‘इतक्यात काढू नका. पडंन मी.’

‘नाय पडत.’

‘तरी ऱ्हाऊ द्या.’

भिमाजीनं हात राहू दिला. खांदा दुखत होता, तरी राहू दिला. पलीकडे जानकाबाईनं सखूबाईला दोन बोटांनी मानेला शिवून पुन्हा कामाला लावलं. पोरांचे आवाज रस्त्यावर यायला लागले, पटांगण मोकळं करायची वेळ झाली, तेव्हा त्यानं हात काढला. गेणभाऊ पडला नाही. काठी लिंबालाच राहिली होती. ती जानकाबाई घरी घेऊन गेली आणि परसात रोवून तिनं त्या काठीवर घेवड्याचा वेल चढवला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला भिमाजी पटांगणात आला. गेणभाऊ आधीच येऊन उभा होता, नाक अंगठ्यांच्या पुढे, भार चवड्यांवर, टाचा नावाला. ये रे माझ्या मागल्या. भिमाजीला पाहताच तो खाडकन सावधान झाला. भिमाजीनं आधी स्वतःच्या कपाळाला हात लावला, आणि मग गेणभाऊच्या कमरेला.